फाशीची शिक्षा: दोन्ही बाजूंचे युक्तिवाद एकाच तराजूत तोलता येतात का?

शेवटचा बाक यांचा प्रश्न

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एखाद्या विषयावर चर्चा होते. या वेळी फाशीच्या शिक्षेचा विषय ठरला असून सूत्रसंचालन माझ्याकडे आले आहे. निमित्त घडले ते मुंबईच्या लोकल गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्याचे. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांनाच निर्दोष ठरवले आणि राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. वाचनालयात दुसऱ्याच दिवशी दोन तट पडले. एक तट म्हणाला की फाशी झाली असती तर काय अनर्थ झाला असता. दुसरा म्हणाला की मग एवढ्या माणसांचे प्राण घेतले कोणी, आणि त्यांच्या घरच्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे.

मी वहीत दोन्ही बाजूंचे मुद्दे उतरवून काढले. गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा हवी, समाजाला जरब बसली पाहिजे, गेलेल्याच्या कुटुंबाला न्याय मिळाला असे वाटले पाहिजे, हे एका पानावर. न्यायालयाची चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही, फाशीपर्यंत पोहोचतो तो बहुधा गरीबच, जरब बसते याला पुरावा नाही, राज्याने कोणाचा जीव घेऊ नये, हे दुसऱ्या पानावर. दोन्ही पाने पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की ही माणसे एकमेकांना उत्तर देतच नाहीत. एकजण मालाचा भाव सांगतो आहे आणि दुसरा काटा खोटा असल्याचे सांगतो आहे.

माझी स्वतःची भूमिका लपवत नाही. २०१६ च्या जुलैत कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाल्यानंतर जे मूक मोर्चे निघाले त्यांपैकी एका मोर्चात मी चाललो होतो आणि आरोपींना फाशीच व्हावी असे मला मनापासून वाटत होते. त्या भावनेची मला आजही लाज वाटत नाही. मात्र तेव्हाची खात्री आता उरलेली नाही. जाणकारांना विनंती आहे की दोन्ही पानांवरचे कोणते मुद्दे खरोखर वजनाचे आहेत आणि कोणते नुसते सवयीने बोलले जातात, हे कृपया सांगावे.

जुना दप्तरी यांचे उत्तर

मी सत्र न्यायालयात २६ वर्षे नोकरी केली, शेवटची काही वर्षे शिरस्तेदार म्हणून. त्यामुळे माझे बोलणे तत्त्वज्ञानाचे नसून दप्तरातले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला काट्याचा दाखला मला पटला, म्हणून काट्याचेच बोलतो. १९५५ च्या दुरुस्तीपूर्वी खुनाच्या खटल्यात फाशी न देता जन्मठेप द्यायची असेल तर न्यायाधीशांना त्याची कारणे नोंदवावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे उलटे केले आणि कलम ३५४(३) नुसार फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे बंधनकारक झाले. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची शिक्षा घटनेत बसते असे ठरवले, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच द्यावी आणि ती देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, अशी अट घातली. त्याचे वय, परिस्थिती, पूर्वेतिहास, तो सुधारण्याची शक्यता, हे सारे पाहून जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे संपला आहे असे दिसले तरच फाशी. कागदावर याहून काळजीपूर्वक लिहिलेला नियम मी पाहिलेला नाही.

प्रत्यक्षात तो नियम कसा चालताना पाहिला, ते सांगतो. एका खून खटल्यात दोषसिद्धीचा निकाल सकाळी साडेअकराच्या सुमारास झाला आणि शिक्षेच्या मुद्द्यावर लगेच म्हणणे विचारण्यात आले. आरोपीला सरकारी खर्चाने दिलेले वकील कागद चाळत होते. आरोपीने एकदा त्यांच्याकडे, एकदा मागे दाराकडे पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘साहेब, बैल माझ्या नावावर हायेत, त्यांचं कोण बघंल?’’ टंकलेखकाने लिहिले की आरोपीवर घरची जबाबदारी असून तो दयेची विनंती करतो. जेवणाच्या सुट्टीनंतर फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्या माणसाविषयी न्यायालयाला जी माहिती झाली ती एवढीच, आणि त्यातलेही बैल कागदावर आले नाहीत. पुढे पुष्टीसाठी प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा शिक्षा जन्मठेपेची झाली. गुन्हा त्यानेच केला होता याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण ‘गुन्हेगाराचाही विचार’ झाला असे त्या कागदावरून कोणी म्हणू शकणार नाही.

हे एका न्यायालयापुरते असते तर मी लिहिलेही नसते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच महाराष्ट्रातील एका खटल्याचा निकाल देताना मान्य केले की आपल्या आधीच्या काही निकालांत केवळ गुन्ह्याचे क्रौर्य पाहून फाशी दिली गेली आणि ते बच्चन सिंग निकालाशी विसंगत होते. ज्यांच्याबाबत अशी चूक झाली त्यांपैकी राजस्थानातील दोघांना त्यापूर्वीच फाशी होऊन गेली होती. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशाच १३ कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. शिक्षा ठरवण्यापूर्वी कैद्याची मानसिक तपासणी, तुरुंगातील वर्तणूक आणि घरची परिस्थिती यांचे अहवाल मागवावेत, असे स्पष्ट निर्देश यायला २०२२ साल उजाडावे लागले. म्हणजे नियम झाल्यापासून ४२ वर्षे.

आता नाशिकचा खटला पाहा. जून २००३ मध्ये बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. आणि २००९ मध्ये राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुनर्विलोकन अर्जही एकदा फेटाळला गेला. तो पुन्हा ऐकण्यास घेतला गेला म्हणून मार्च २०१९ मध्ये हे सहाही जण निर्दोष ठरले. वाचलेल्या जखमी स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे तेव्हा न्यायालयाने ठळकपणे नोंदवले. आरोपींपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे मधल्या काळात निष्पन्न झाले होते. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. हे सहा जण खालच्या न्यायालयाच्या घाईचे बळी नव्हते. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सावकाश विचार करून त्यांना फाशी दिली होती.

म्हणून आपल्या पहिल्या पानावरचा ‘गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा’ हा मुद्दा मी खोडत नाही. काही माणसे त्या शिक्षेला पात्र असतील. त्यांना बिनचूक निवडून काढणारी यंत्रणा आपल्याकडे आहे हे दाखवणे मात्र त्या बाजूचे काम आहे, आणि ते काम मी कोणाला करताना पाहिलेले नाही.

उंबरठा यांचे उत्तर

दप्तरी यांनी लिहिले ते मला मान्य आहे आणि तरीही मी त्यांच्या बाजूला नाही. मी भंडारा जिल्ह्यातली आहे. खैरलांजी आमच्यापासून दूर नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. त्या दिवशी आमच्या वस्तीत जो संताप झाला तो रक्ताच्या तहानेचा होता, असे ज्यांना वाटते त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही न्यायालयांनी या प्रकरणाला अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. जातीचा संबंधच नाही, असे म्हटले गेले. मग ‘ही साधी घटना नव्हती’ असे राज्याने मान्य केल्याची खूण म्हणून लोकांच्या हाती उरले काय? फाशीचा आकडा. तोही गेला.

फाशीला विरोध करणारे बहुतेक लेख मी वाचते आणि त्यांत ही गोष्ट मला कधी सापडत नाही. कोपर्डीच्या वेळी मोर्चात उतरलेल्यांची मागणी आणि खैरलांजीच्या वेळी रस्त्यावर आलेल्यांची मागणी, यांमधले राजकारण अगदी वेगळे होते. पण दोघांचेही म्हणणे मुळात असे होते की आमच्या माणसाच्या मरणाची किंमत सर्वांत जड नाण्यात मोजा. जोपर्यंत ते नाणे चलनात आहे तोपर्यंत ‘तुम्ही हलके नाणे घ्या’ असे आम्हालाच का सांगितले जाते, हा प्रश्न दुखावणारा असला तरी खरा आहे.

दुसरी गोष्ट जन्मठेपेची. विरोधक सांगतात की फाशीऐवजी जन्मठेप द्या. ठीक आहे, पण कोणती जन्मठेप? गुजरातेत २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या एका खटल्याची सुनावणी निःपक्षपातीपणासाठी मुंबईत झाली आणि २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांची मुदतपूर्व सुटका झाली आणि हार घालून त्यांचे स्वागत झाले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली, हे खरे. पण मधले सतरा महिने जिच्यावर तो अत्याचार झाला त्या बाईने कसे काढले असतील? आरोपी ज्या गावातले, त्याच गावात साक्षीदार राहतात. पॅरोलवर सुटलेला माणूस बसथांब्यावर समोर उभा राहिला की जन्मठेप म्हणजे काय हे कळते. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

तिसरी गोष्ट न्यायालयीन चुकांची. निरपराध माणूस १६ किंवा १९ वर्षे तुरुंगात राहिला, त्याचे आईबाप गेले, मुले वाढली, तर ते कोणत्या अपिलात दुरुस्त होते? खोटा तपास ही फाशीची व्याधी नसून फौजदारी न्यायाचीच आहे. त्यावर उपाय म्हणून केवळ शिक्षेची एक पायरी काढून टाकली तर फार तर आपले मन शांत होईल. शिवाय नाशिकच्या त्या निकालानंतरही ते पाच जण मारले गेलेलेच आहेत, आणि त्यांना मारणारे कोण हे न्यायालयाने सांगितलेले नाही.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत म्हटले होते की अपिलांच्या तरतुदी वाढवत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे त्यांना अधिक पसंत पडेल. हे मला माहीत आहे आणि ते वाक्य मला सोडत नाही. पण ते ज्या राज्ययंत्रणेच्या उभारणीविषयी बोलत होते ती आमच्यापर्यंत पोहोचलेली नाही. ती पोहोचेपर्यंत दहशतवाद आणि सामूहिक, जातीय हत्याकांडे एवढ्यांपुरती फाशी राहावी, असे माझे मत आहे. विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. माझी यादी तिच्याहून थोडीच लांब आहे.

तिसरा मजला यांचे उत्तर

जरब हा मुद्दा दोन्ही पानांवरून खोडावा, एवढेच सुचवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरच्या तीन दशकांतील अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला की त्यांवरून फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी कोणतेच विधान करता येत नाही. म्हणजे ‘जरब बसते’ हेही सिद्ध नाही आणि ‘बसत नाही’ हेही. विरोधक हे दुसरे अर्धे वाक्य बहुधा गिळतात.

पुण्यात १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडले तेव्हा माझे आईवडील सदाशिव पेठेत भाड्याने राहत होते. दहा खून करणारी ती मुले कायद्यात फाशी आहे हे जाणूनच होती. आपण पकडले जाऊ असे त्यांना वाटत नव्हते, एवढेच. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता. त्याच्याशिवाय पुरावा उभा राहणे कठीण होते हे मान्य. पण फास कोणाच्या गळ्यात पडणार हे काही अंशी आधी कोण बोलला यावर ठरते, हेही त्यातून दिसते. दप्तरी यांच्या मुद्द्याला हा जोड समजावा.

जरबेचा एक उलटा परिणाम मात्र विचारात घ्यायला हवा. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात बलात्काराच्या गंभीर प्रकारांना फाशीची तरतूद होती. अत्याचारालाही फाशी आणि खुनालाही फाशी असेल, तर जिवंत राहिलेली मुलगी ही आरोपीच्या दृष्टीने फक्त साक्षीदार उरते. आणि आरोपी घरातलाच, काका किंवा मामा असेल, तर ‘त्याला फासावर चढवशील का’ असे म्हणून तिचे तोंड बंद करणे सोपे होते. फाशीची व्याप्ती वाढवण्याविषयी चर्चा निघाली तर हे आवर्जून मांडावे.

जुना दप्तरी यांचे उत्तर

उंबरठाताई, आपले जन्मठेपेविषयीचे म्हणणे मी निरुत्तर होऊन वाचले. त्यात दप्तरातली एक भर घालतो, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नसते.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, हा समज चुकीचा आहे. कायद्याने ती आयुष्यभराचीच असते. १४ वर्षे ही सुटकेचा विचार होण्याआधीची किमान मुदत आहे. लोकांचा समज बनला तो सरकारांच्या वागण्यावरून, आणि त्यात लोकांचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कर्नाटकातील एका खटल्यात मधला मार्ग काढला: फाशी नको वाटते आणि नेहमीची जन्मठेप अपुरी वाटते, तेव्हा ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत सुटकाच नाही, अशी जन्मठेप द्यावी. २०१५ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन मतांनी हा मार्ग वैध ठरवला, पण खुनाच्या साध्या कलमाखाली तो केवळ उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच मोकळा ठेवला. म्हणजे ज्या सत्र न्यायाधीशासमोर आरोपी, पंच, साक्षीदार आणि रडणारी आई प्रत्यक्ष उभी असते, त्याच्या हातात दोनच शिक्षा: जिच्यावर कोणाचा विश्वास नाही अशी जन्मठेप, किंवा फाशी. बाहेर जमाव असतो, वर्तमानपत्रे असतात. मग तो फाशी लिहितो आणि पुष्टीसाठी वर पाठवतो, तिथे बहुतेक वेळा ती टिकत नाही. ‘जड नाणे’ आपल्याला दिले जाते ते असे, न वटणारे.

आणि जे टिकते त्याचेही काय होते? कोल्हापूरच्या त्या दोन बहिणी आठवा. लहान मुलांची अपहरणे आणि खून, २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शिक्कामोर्तब. दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला सात वर्षे दहा महिने लागले. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या अक्षम्य विलंबामुळे त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. फायली हलवायला ज्यांच्याकडून दिरंगाई झाली ते त्याच राज्याचे अधिकारी होते ज्याने फाशी मागितली होती. ज्यांची मुले गेली त्यांनी वीस वर्षे प्रत्येक बातमीला पुन्हा ते सगळे वाचले. फाशी नसती आणि २००१ मध्येच ‘मरेपर्यंत सुटका नाही’ असे लिहिले गेले असते, तर त्या घरांना निदान पुढच्या तारखेची वाट पाहावी लागली नसती.

निरपराध माणसाच्या गेलेल्या १६ वर्षांची भरपाई होत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. पण नाशिकचे सहा जण तुरुंगातून स्वतःच्या पायांनी बाहेर आले. आपल्या यादीतला हत्याकांडाचा खटला तपासात सर्वांत ढिसाळ आणि बाहेरच्या दबावाखाली सर्वांत घाईचा असतो. नाशिकचा खटला सामूहिक हत्याकांडाचाच होता. म्हणून यादी आखूड करून चुकीचा धोका कमी होईल, असे मला वाटत नाही.

उंबरठा यांचे उत्तर

शेवटचा मुद्दा मला टोचला, आणि त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. पण मग सत्र न्यायाधीशाच्या हाती ती तिसरी शिक्षा द्या, तिच्यात माफी आणि सूट चालणार नाही असे कायद्यात लिहा, पॅरोलचा अर्ज आला की फिर्यादीला आधी कळवा, आणि मग माझ्याकडे येऊन फाशी सोडायला सांगा. क्रम उलटा चालणार नाही.

शेवटचा बाक यांचे उत्तर

सर्वांचे आभार. वहीतले पहिले पान मी फाडले नाही. त्यावर जरबेच्या मुद्द्यावर काट मारली आणि ‘न वटणारे नाणे’ असे समासात लिहिले. दुसऱ्या पानावर ‘गरीबच’ या शब्दापुढे बैलांची गोष्ट लिहून ठेवली, कारण टक्केवारीपेक्षा ती माझ्या श्रोत्यांना लवकर समजेल.

रविवारी सुरुवातीला नाशिकच्या खटल्याचे २००९ आणि २०१९ चे निकाल शेजारी शेजारी ठेवायचे ठरवले आहे. दोन्हींतला पुराव्याविषयीचा एकेक परिच्छेद मराठीत करून, वर साल न लिहिता, वाचायला द्यायचा आणि मग विचारायचे की यांतला कोणता निकाल चुकीचा वाटतो. उंबरठाताई, त्याआधी त्या रात्री मारल्या गेलेल्या पाच जणांविषयी दोन मिनिटे बोलण्यासाठी आपण दूरध्वनीवरून सहभागी व्हाल का? वाचनालयात ध्वनिवर्धकाची सोय आहे. जुने दप्तरी, आपणासही तीच विनंती आहे, आणि मरेपर्यंतच्या जन्मठेपेचा तो २०१५ चा निकाल मिळवण्यासाठी खटल्याचे नाव कळवल्यास उपकार होतील.